लेखी प्रश्न आणि सरकारचे उत्तर : जाब विचारण्याच्या एका साधनाचा इतिहास

कायदेमंडळातील सदस्याने मंत्र्याला आगाऊ लेखी सूचना देऊन विचारलेला प्रश्न हे संसदीय राज्यपद्धतीतील सर्वांत साधे साधन आहे. अविश्वासाच्या ठरावाला बहुमत लागते, विधेयकाला अनेक वाचने आणि मतदान लागते, स्थगन प्रस्तावाला सभागृहाची आणि अध्यक्षांची अनुकूलता लागते. प्रश्नाला यांतले काहीच लागत नाही. एकटा सदस्य, मग तो सत्ताधारी बाकांवरचा असो, विरोधी पक्षाचा असो की अपक्ष असो, नियमांत बसणारा प्रश्न लिहून देतो आणि सरकारला ठरलेल्या दिवशी त्याचे उत्तर द्यावे लागते. हे उत्तर मंत्र्याच्या नावाने छापले जाते आणि सभागृहाच्या कामकाजाचा कायमचा भाग होते. सरकारने स्वतःच्या जबाबदारीवर केलेले ते विधान असते. पुढच्या अधिवेशनात, पुढच्या वर्षी किंवा पुढच्या सरकारच्या काळातही ते त्याच्यासमोर ठेवता येते. प्रश्नाची सगळी ताकद या लेखी बांधिलकीत आहे. ही ताकद भारतीय कायदेमंडळांना एका दिवसात मिळाली नाही. ती टप्प्याटप्प्याने, मागणी करून आणि प्रत्येक टप्प्यावर अपुरी ठरून मिळत गेली.

इंग्लंडमधील उगम

कामकाजात नोंदला गेलेला पहिला संसदीय प्रश्न इंग्लंडच्या उमराव सभेत १७२१ साली विचारला गेला. साउथ सी कंपनीचा फुगा नुकताच फुटला होता. हजारो गुंतवणूकदार बुडाले होते आणि कंपनीचा रोखपाल रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला होता. त्याला ब्रसेल्समध्ये पकडल्याची बातमी खरी आहे काय, असे अर्ल काउपर यांनी सरकारला विचारले आणि अर्ल ऑफ संडरलँड यांनी उत्तर दिले. पुढील शतकभर प्रश्न विचारणे ही सवलत राहिली, तिला ठरलेली जागा किंवा पद्धत नव्हती. १८३५ साली कॉमन्स सभेच्या कामकाजपत्रिकेत प्रश्नांच्या सूचना छापायला सुरुवात झाली आणि त्यानंतर प्रश्नांना कामकाजात स्वतंत्र स्थान मिळत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्नांची संख्या झपाट्याने वाढली. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी लढणाऱ्या सदस्यांनी प्रश्नांचा वापर सरकारची कोंडी करण्यासाठी केला. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तोंडी द्यायचे असल्याने सभागृहाचा मोठा वेळ त्यात जाऊ लागला. सभागृहाचे नेते आर्थर बाल्फोर यांनी १९०२ साली कामकाजाचे नियम बदलले. ज्या सदस्याला तोंडी उत्तर हवे असेल त्याने प्रश्नापुढे तारेची खूण करावी, बाकीच्या प्रश्नांची उत्तरे लेखी देऊन छापावीत, अशी विभागणी झाली. सरकारच्या कामकाजासाठी वेळ वाचवणे हा या बदलाचा हेतू होता. पण त्यातून लेखी प्रश्न हे वेगळे साधन जन्माला आले. तपशील, आकडे, याद्या आणि तारखा काढून घ्यायला तोंडी उत्तरापेक्षा लेखी उत्तर अधिक उपयोगी ठरते, हे सदस्यांच्या लवकरच लक्षात आले.

भारतातील पहिली मागणी

भारतात १८५३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या मंडळाला कायदे करण्याच्या कामासाठी जादा सदस्य मिळाले. लॉर्ड डलहौसी यांच्या काळात हे विस्तारलेले मंडळ लहानशा पार्लमेंटसारखे वागू लागले. त्यात एकही भारतीय नव्हता, तरीही त्याचे सदस्य कार्यकारी सरकारच्या धोरणाबद्दल प्रश्न विचारत आणि कागदपत्रे मागत. सर चार्ल्स वुड यांना हे पसंत नव्हते. भारतमंत्री म्हणून त्यांनी १८६१ चा कायदा आणला, तेव्हा मंडळांचे काम कायदे करण्यापुरतेच मर्यादित केले गेले. याच कायद्यानुसार मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ १८६२ साली सुरू झाले. त्यात भारतीय सदस्य होते, पण सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्यातील तिसरा ठराव काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मांडला. कायदेमंडळांत निवडून आलेले सदस्य घ्यावेत, अंदाजपत्रक मंडळांपुढे ठेवावे आणि कारभाराच्या सर्व शाखांबद्दल सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क सदस्यांना द्यावा, अशी मागणी त्यात होती. दादाभाई नौरोजी यांनी ठरावाला पाठिंबा दिला. मतदानाच्या व्यापक हक्काची कल्पनाही दूर असताना प्रश्नाचा हक्क मागितला गेला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. बहुमत मिळण्याची शक्यता नसलेल्या मंडळातही प्रश्न उपयोगी पडतो, हे या पिढीने इंग्लंडच्या उदाहरणावरून ओळखले होते.

ही मागणी १८९२ च्या कायद्याने अर्धवट मान्य झाली. सदस्यांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण त्याभोवती भक्कम कुंपण होते. सूचना आगाऊ आणि लेखी द्यायची. प्रश्न फक्त माहिती मागणारा असावा, त्यात युक्तिवाद, तर्क किंवा बदनामी नसावी. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याला तो नाकारता येई. उत्तर मिळाल्यावर त्यावर चर्चा करायची नाही, उपप्रश्नही विचारायचा नाही. मिळाले ते उत्तर ऐकून सदस्याने खाली बसायचे.

या नियमांखाली केंद्रीय मंडळातील पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधील भिंगा संस्थानच्या महाराजांनी विचारला. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या लवाजम्याला गावोगावी रसद पुरवावी लागे आणि त्यात गावच्या दुकानदारांना मोठा जाच होई. त्या जाचाबद्दल तो प्रश्न होता. साम्राज्याच्या सर्वोच्च मंडळात विचारला गेलेला पहिला प्रश्न खेड्यातल्या दुकानदाराच्या नुकसानीबद्दल असावा, यातून या साधनाचा स्वभाव दिसतो. जो अन्याय विधेयकाचा विषय होण्याइतका मोठा मानला जात नाही, तोही प्रश्नाच्या रूपाने सरकारच्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत पोहोचतो.

मुंबई इलाखा आणि १८९७ चा धडा

१८९२ च्याच कायद्याने मुंबईच्या कायदेमंडळात मर्यादित निवडणूक आली. फिरोजशहा मेहता, १८९५ मध्ये लोकमान्य टिळक आणि शतक संपताना गोपाळ कृष्ण गोखले हे या मार्गाने तेथे आले. मंडळात सरकारनियुक्त सदस्यांचे बहुमत असल्याने ठरावीक चाकोरीबाहेर काही घडवून आणणे त्यांना शक्य नव्हते. सारा, दुष्काळ, जंगल, आबकारी या विषयांवर सरकारकडून अधिकृत विधान काढून घेणे मात्र शक्य होते. असे विधान वर्तमानपत्रांत छापून येई आणि पुढच्या टीकेला त्याचा आधार मिळे.

दुसरीकडे लंडनच्या पार्लमेंटमध्येही भारतमंत्र्यांना भारताच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारले जात. दादाभाई नौरोजी १८९२ ते १८९५ या काळात फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून कॉमन्समध्ये होते. प्रश्नाच्या साधनाची एक मोठी उणीव कशी बोचते, हे मात्र १८९७ साली पुण्याच्या प्लेगच्या निमित्ताने दिसले. गोखले तेव्हा भारताच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सैनिकांनी पुण्यात अत्याचार केल्याची पत्रे त्यांना आली आणि त्यांनी ते आरोप इंग्लंडमध्ये जाहीर केले. कॉमन्समध्ये प्रश्न विचारला गेला. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारकडून माहिती मागवली आणि त्या आधारे आरोप फेटाळले. ज्यांच्या कारभारावर आरोप होता, त्यांनीच उत्तराची सामग्री पुरवली होती. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे साक्ष द्यायला पुढे येणार नाही, हे मुंबईत उतरल्यावर गोखल्यांना कळले आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली.

या प्रकरणात दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे, ज्याच्यावर प्रश्न आहे तोच उत्तर देतो, त्यामुळे एकटे उत्तर पुरावा ठरत नाही. दुसरी म्हणजे, प्रश्नातील किंवा आरोपातील विधानाचा भार ते करणाऱ्यावर असतो. आज लोकसभेच्या नियमांत प्रश्नातील विधानाच्या अचूकतेची जबाबदारी सदस्यावर टाकलेली आहे. पुढचा सगळा विकास पाहिला तर या दोन अडचणींवर उपाय शोधण्याचा तो इतिहास आहे. उत्तर तपासून पाहण्याची सोय हवी आणि प्रश्न विचारणाऱ्याचा अभ्यास हवा.

उपप्रश्न आणि तारा

१९०९ च्या सुधारणांनी पहिला उपाय दिला. मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्याला उत्तरानंतर उपप्रश्न विचारता येऊ लागला. तयार करून आणलेले उत्तर वाचून सुटका होण्याचा काळ तेव्हापासून संपू लागला. १९१९ च्या कायद्यानंतर हा हक्क मूळ सदस्यापुरता राहिला नाही, कोणताही सदस्य उपप्रश्न विचारू शकला. १९२१ मध्ये केंद्रीय विधानसभा सुरू झाली, तेव्हा तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नावर सदस्याने तारा लावण्याची इंग्लंडची पद्धत येथे आली. तारांकित आणि अतारांकित असे दोन वर्ग तेव्हापासून आहेत.

या काळातही काही दारे बंदच होती. परराष्ट्रांशी असलेले संबंध, संस्थानिकांशी असलेले संबंध आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे यांवर प्रश्न विचारता येत नसे. गव्हर्नर जनरलचे कार्यकारी मंडळ सभागृहाला जबाबदार नव्हते. उत्तर समाधानकारक नसले तरी सरकार पडत नसे. तरीही न. चिं. केळकरांसारखे सदस्य केंद्रीय विधानसभेत हे साधन वापरत राहिले. विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये सभागृहाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले आणि सभागृहाच्या हक्कांच्या बाबतीत सरकारपुढे न झुकण्याची परंपरा त्यांनी घालून दिली.

मुंबई इलाख्यात १९२१ पासून द्विदल राज्यपद्धती होती. सर नारायण चंदावरकर कायदेमंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. शिक्षण, आरोग्य यांसारखी सोपीव खाती मंत्र्यांकडे आणि महसूल, पोलीस ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी सदस्यांकडे होती. प्रश्न दोघांनाही विचारता येत, पण सभागृहाला जबाबदार फक्त मंत्री होते. १९३५ च्या कायद्यानंतर १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि प्रांताच्या सर्व खात्यांची उत्तरे लोकनियुक्त मंत्र्यांकडून मिळू लागली. विरोधी बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि सभापतिपदी गणेश वासुदेव मावळंकर होते. बाबासाहेब पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा केंद्रीय विधानसभेत त्यांनी प्रश्नांना उत्तरे दिली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होण्यापूर्वी त्यांनी प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, अशा दोन्ही बाजूंनी हे साधन हाताळले होते.

प्रजासत्ताकातील नियम

राज्यघटनेने मंत्रिमंडळाला लोकसभेला आणि राज्यांत विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार केले. त्यामुळे १८९३ पासून चालत आलेल्या साधनाचा अर्थ बदलला. पूर्वी सरकार माहिती देण्याची मेहेरबानी करी, आता उत्तर देणे हे त्याचे घटनात्मक कर्तव्य झाले.

लोकसभेत प्रश्नासाठी किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. एका दिवसासाठी एका सदस्याला पाचपेक्षा अधिक सूचना देता येत नाहीत. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो. सूचना जास्त आल्या तर कोणाचा प्रश्न आधी हे सोडतीने ठरते. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येतात. राज्यसभेत ही संख्या अनुक्रमे १५ आणि १६० आहे. प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा, त्यात युक्तिवाद, निष्कर्ष, उपरोध किंवा बदनामी नसावी, काल्पनिक गोष्टीवर मत मागू नये, सहज उपलब्ध दस्तऐवजांत असलेली माहिती विचारू नये, असे नियम आहेत. १८९२ नंतरच्या कुंपणाच्या खुणा त्यांत अजून दिसतात. फरक इतकाच की प्रश्न स्वीकारायचा की नाही हे आता सरकारचा अधिकारी ठरवत नाही. ते सभागृहाने निवडलेले अध्यक्ष ठरवतात.

तोंडी उत्तरांसाठी राखलेला प्रश्नोत्तराचा तास साठ मिनिटांचाच असतो आणि प्रत्येक तारांकित प्रश्नावर उपप्रश्न होतात. त्यामुळे वीसांपैकी थोड्याच प्रश्नांना तोंडी उत्तर मिळते. उरलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही लेखी म्हणून पटलावर ठेवली जातात. म्हणजे एका दिवसाच्या अडीचशे प्रश्नांपैकी बहुतेक सर्वांची उत्तरे शेवटी कागदावरच येतात. टीव्हीवर दिसतो तो तास या व्यवहाराचा छोटा भाग आहे.

महाराष्ट्र विधिमंडळातील प्रश्नाचा साचा महसूल कचेरीच्या मराठीत घडलेला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी त्याची सुरुवात होते. मग क्रमांक घालून पोटप्रश्न येतात. पहिल्यात अमुक गावी अमुक घडले हे खरे आहे काय, असे विचारले जाते. दुसऱ्यात असल्यास चौकशी केली आहे काय, तिसऱ्यात चौकशीत काय आढळले आणि त्यानुसार कोणती कार्यवाही केली, असे पुढे जात शेवटचा पोटप्रश्न बहुधा एकाच वाक्यावर संपतो : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हा साचा सरकारला पळवाटा कमी ठेवतो. घटना नाकारली तर ते विधान खोडून काढता येते, घटना मान्य केली तर कार्यवाही सांगावी लागते आणि कार्यवाही झाली नसेल तर कारण द्यावे लागते.

प्रश्न स्वीकृत झाला की विधानमंडळ सचिवालयाकडून तो संबंधित विभागाकडे जातो. मंत्रालयातील कक्ष अधिकारी त्याची नस्ती उघडतात. माहिती जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद किंवा क्षेत्रीय कार्यालयाकडून मागवली जाते आणि तिथून ती तहसील कचेरीपर्यंत उतरते. मुदत ठरलेली असल्याने नेहमीच्या पत्रव्यवहाराला महिने लागतात ते काम दिवसांत होते. पुष्कळदा प्रश्नाचा पहिला परिणाम उत्तर छापून येण्याआधीच दिसतो. अडलेली देयके निघतात, रेंगाळलेली चौकशी सुरू होते, कारण उत्तरात काहीतरी सांगण्याजोगे असावे लागते.

टाळाटाळ आणि तिच्यावरचे उपाय

उत्तर देणाऱ्यांनीही आपले साचे घडवले आहेत. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही वाक्ये प्रश्नोत्तरांच्या याद्यांत पानोपानी दिसतात. प्रश्नातला एखादा तपशील चुकलेला असेल तर त्या चुकीच्या आधारे संपूर्ण घटना नाकारता येते. पहिल्या पोटप्रश्नाला नकार दिला की पुढचे सगळे आपोआप गळून पडतात. म्हणून अनुभवी सदस्य पहिल्या पोटप्रश्नातील गावाचे नाव, तारीख आणि रक्कम यांची खातरजमा आधी करतात. १८९७ चा धडा इथे रोज लागू होतो.

‘विचाराधीन आहे’, ‘माहिती मिळताच पटलावर ठेवू’, ‘चौकशी करू’ या उत्तरांसाठी वेगळा उपाय निघाला. मुंबई विधानसभेचे सभापतिपद भूषवलेले मावळंकर स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, १ डिसेंबर १९५३ रोजी, लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती स्थापन झाली. कोणती शब्दरचना आश्वासन मानायची याची यादी तिने ठरवली. अशी शब्दरचना उत्तरात आली की त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. पूर्तता झाली नाही तर समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या आहेत, महाराष्ट्रातही आहे. वेळ मारून नेण्यासाठी वापरलेले वाक्यच त्यामुळे सरकारवरचे देणे होते. मुदतवाढी मागत वर्षे काढणे आणि शेवटी आश्वासन वगळण्याची विनंती करणे ही पळवाट मात्र आजही शिल्लक आहे.

उत्तर अपुरे वाटले तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. मंत्र्याने जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते. या पायऱ्या एकापुढे एक वापरल्या तर काय होते, हे १९५७ साली दिसले.

मुंदडा प्रकरण

आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईत होते. पुढच्याच वर्षी महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. विमाधारकांचा पैसा अडचणीतील कंपन्यांत गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. सप्टेंबर १९५७ मध्ये सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार डॉ. राम सुभग सिंह यांनी लोकसभेत त्याबद्दल प्रश्न विचारला. उत्तरातून पुरता उलगडा झाला नाही. नोव्हेंबरमध्ये पुन्हा प्रश्न झाला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी उत्तर दिले. मग १६ डिसेंबरला काँग्रेसचेच फिरोज गांधी यांनी चर्चा उपस्थित केली आणि व्यवहाराच्या तारखा, भाव आणि रकमा सभागृहापुढे मांडल्या. सरकारची आधीची उत्तरे आणि हे आकडे यांतील अंतर सर्वांना दिसले.

जानेवारी १९५८ मध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. छागलांनी सुनावणी मुंबईत उघडपणे घेतली आणि काही आठवड्यांत अहवाल दिला. खात्याच्या कारभाराची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची आहे, असे त्यात म्हटले होते. फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत. सभागृहात सरकारचे प्रचंड बहुमत होते. तरीही हे घडले, कारण प्रश्नाला बहुमत लागत नाही आणि दिलेले उत्तर मागे घेता येत नाही.

पुढच्या दशकांत मराठी भूमीतून गेलेल्या अनेक खासदारांनी ही परंपरा जोपासली. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधून लोकसभेत गेलेले मधू लिमये हे त्यांतले ठळक नाव. नियमांचे पुस्तक पाठ असणे, सरकारी दस्तऐवज काळजीपूर्वक वाचणे आणि एका उत्तरातील विसंगतीवर पुढचा प्रश्न उभारणे ही त्यांची पद्धत होती.

विकलेले प्रश्न

सरकारला उत्तर देणे भाग असल्याने प्रश्नाला बाजारातही किंमत येते. एखाद्या उद्योगाच्या स्पर्धकाबद्दल, आयात परवान्याबद्दल किंवा कराबद्दल विचारलेला प्रश्न कोणाच्या तरी फायद्याचा असू शकतो. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशन या मुंबईतील सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत प्रश्न आणि दुरुस्त्या मांडल्याचा आरोप १९५१ मध्ये झाला. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव आणला. समितीने त्यांना दोषी ठरवले आणि बडतर्फीचा ठराव मंजूर होण्याआधी सप्टेंबर १९५१ मध्ये मुद्गल यांनी राजीनामा दिला.

अशीच गोष्ट १२ डिसेंबर २००५ रोजी छुप्या चित्रीकरणातून देशाने पाहिली. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना अकरा खासदार दिसले. दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. त्याच महिन्यात २३ तारखेला दोन्ही सभागृहांनी अकराही जणांचे सदस्यत्व रद्द केले आणि जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई वैध ठरवली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रश्न नोंदवण्याच्या ऑनलाइन खात्याचा परवलीचा शब्द बाहेरच्या व्यक्तीला दिल्याच्या कारणावरून लोकसभेने आणखी एका सदस्याचे सदस्यत्व रद्द केले. त्या सदस्याने आरोप नाकारून न्यायालयात धाव घेतली. प्रश्न सदस्याच्या नावाने विचारला जातो, पण तो मतदारांच्या वतीने असतो. म्हणून त्याची विक्री ही मतदारांची फसवणूक ठरते.

तास बंद पडतो तेव्हा

चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या हिवाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. आणीबाणी पुकारल्यानंतर १९७५ च्या जुलैमधील अधिवेशनातही तो रद्द केला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या साथीचे कारण देऊन पुन्हा तो वगळण्यात आला. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतल्यावर अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे देण्याचे मान्य झाले.

त्या अधिवेशनात लेखी प्रश्नाचे बळ आणि मर्यादा एकाच वेळी दिसल्या. टाळेबंदीत आपापल्या गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय, असे लोकसभेत विचारण्यात आले. अशी आकडेवारी ठेवलेली नाही आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असे श्रम मंत्रालयाने उत्तर दिले. उपप्रश्नाची सोय नसल्याने त्या दिवशी सभागृहात मंत्र्याला कोणी अडवू शकले नाही. पण सरकारने ही नोंदच ठेवली नव्हती, ही गोष्ट सरकारच्याच शब्दांत देशासमोर आली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल विचारले गेले. राज्यांनी असे मृत्यू स्वतंत्रपणे कळवलेले नाहीत, असे उत्तर आले. केंद्राचे उत्तर राज्याच्या अहवालावर, राज्याचा अहवाल रुग्णालयाच्या नोंदीवर अवलंबून असतो. मुळात नोंद झाली नसेल तर उत्तराच्या कागदावर ते दुःख उतरत नाही. १८९७ ची अडचण नव्या रूपात कायम आहे.

नागरिकाच्या हाती

प्रश्नोत्तरांच्या याद्या आता संसदेच्या आणि विधिमंडळांच्या संकेतस्थळांवर मिळतात. शेतकरी आत्महत्या, कुपोषण, रिक्त पदे, सिंचनाचा खर्च, शाळांची संख्या यांबद्दल वर्तमानपत्रांत येणारे अनेक आकडे मूळचे अशा लेखी उत्तरांतले असतात. संशोधकांना एकाच विषयावरची अनेक वर्षांची उत्तरे शेजारी ठेवून पाहता येतात आणि तिथेच विसंगती सापडतात.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने या साधनाचा गाभा नागरिकांपर्यंत नेला. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे त्याच्या आठव्या कलमात म्हटले होते. लोकप्रतिनिधीचा हक्क हे नागरिकाच्या हक्काचे माप ठरवले गेले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या कलमात बदल करताना ते वाक्य वगळले. त्यामुळे जी माहिती नागरिकाला मिळणार नाही, ती सदस्याने सभागृहात विचारून मिळवण्याचे महत्त्व वाढले आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज आणि सभागृहातील प्रश्न यांत एक मूलभूत फरक राहतो. अर्जाला जनमाहिती अधिकारी उत्तर देतो आणि त्याच्याकडे असलेल्या कागदापुरतेच देतो. प्रश्नाला मंत्री उत्तर देतो. त्याला कारणे विचारता येतात, पुढे काय करणार हे विचारता येते आणि दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा समिती करते. हा फरक टिकवायचा तर तीन गोष्टी लागतात. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात किंवा सरकारच्या सोयीसाठी वाया जाता कामा नये. आश्वासनांची पूर्तता मुदतीत व्हायला हवी. आणि सदस्याने प्रश्न लिहिण्यापूर्वी गावात जाऊन, कागद पाहून, आधीची उत्तरे वाचून तयारी करायला हवी. तेलंगांनी १८८५ साली मागितलेला हक्क आज पूर्णपणे मिळालेला आहे. त्याचे मोल तो वापरणाऱ्याच्या अभ्यासावर ठरते.